भुंग्याची किल्ली

रानडुक्कर धरणारी कुत्री मी पंधरा-सोळा वर्षं पाळली, वाढवली आणि विकली. चऱ्होलीत लोक मला 'कुत्र्यांचे आबा' म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. सत्तेचाळीस साली देहूरोडच्या डेपोतला एक गोरा साहेब देश सोडताना त्याचा रुंद छातीचा कुत्रा माझ्या गळ्यात मारून गेला. त्याचा आणि धनगराकडच्या कुत्रीचा मी मेळ घातला. त्यातून निघालेली अवलाद अशी, की डुकराचा कान एकदा दातात आला की जीव गेला तरी जबडा उघडायचा नाही. भुईमुगाच्या, रताळ्याच्या वावरात डुकरं शिरली की चाकणपासून पुनावळ्यापर्यंतची माणसं माझ्या दारात यायची.

धरायला शिकवणं सोपं असतं. पिल्लापुढे पोत्याचा तुकडा नाचवायचा, की ते लोंबकळतं. सोडायला शिकवणं अवघड. आणि 'सोड' हा शब्द तर कामाचाच नाही. डुक्कर धरलं की वीस माणसं एकदम ओरडतात, धर, सोड, मार, हाण. त्या गलक्यात कुत्र्यानं भलत्याच्या ओरडण्यावर डुक्कर सोडलं, तर ते उलटून एखाद्याची मांडी फाडतं. म्हणून शब्द असा पाहिजे, जो कुणी सहजासहजी ओरडत नाही. त्या शब्दाला मी किल्ली म्हणायचो.

आणि मी किल्ली ठेवायचो मालकाचं नाव. गावात मालकाला नावानं कोण हाक मारतं? पाटील, दादा, अण्णा, मामा. नाव घेतो तो मालक स्वतःच, छाती काढून. गिऱ्हाईक खूश व्हायचं. माझ्या घरच्या कुत्र्यांची किल्ली अर्थातच 'गेनबा'. घरातले सगळे मला आबा म्हणत, त्यामुळे अडचण नव्हती. निदान मला तरी कधी दिसली नाही.

माझी लेक शालन तळवड्याला दिली. तिचे सासरे सोपानराव मळ्यात राहायचे, आजूबाजूला हाकेच्या अंतरावर घर नाही. डुकरांनी त्यांचा भुईमूग लुटला, तेव्हा मी माझा सगळ्यात चांगला कुत्रा, काळा भुंग्या, त्यांना नेऊन दिला. पैसे घ्यायचा प्रश्नच नव्हता, व्याही पडले. किल्ली ठेवली 'सोपानराव'. ते इतके फुलले, की दिवसातून चारदा भुंग्याच्या तोंडात हाडूक द्यायचे आणि स्वतःचं नाव घेऊन ते सोडवायचे.

त्या संक्रांतीला मी तळवड्याला गेलो होतो. आत बायकांचं हळदीकुंकू, बाहेर ओट्यावर आम्ही दोघे व्याही, आणि पायाशी करवंटी चावत बसलेला भुंग्या. शालनच्या सासूबाईंना, अंबूबाईंना, बायकांनी दारातच अडवलं. नाव घेतल्याशिवाय सोडणार नाही म्हणाल्या. अंबूबाईंनी खूप आढेवेढे घेतले आणि मग म्हटलं,

"इंद्रायणीच्या काठी हरभऱ्याला आला घाटा, सोपानरावांचं नाव घेते, सोडा माझ्या वाटा."

भुंग्यानं करवंटी टाकली आणि शेपूट हलवत बसला. आत-बाहेर असा हशा पिकला की काही विचारू नका. सोपानरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तर आठवडाभर ती गोष्ट जो भेटेल त्याला सांगत होतो. त्यातलं कळायला हवं ते मात्र माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

त्याच वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी सोपानराव चाकणच्या बाजाराला गेले होते. जावई ज्योतीराम पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला. मळ्यात फक्त सासू आणि सून. दुपारी काळी कालवड दावं तोडून भुईमुगात शिरली. भुईमूग खसफसला की डुक्कर, एवढंच मी भुंग्याला शिकवलं होतं. त्यानं जाऊन कालवडीचा कान धरला.

दोघी धावल्या. सोड म्हणाल्या, काठी मारली, पाणी ओतलं. भुंग्या हलेना. कालवड ओरडत गोल फिरत होती आणि कान मुळापासून फाटत चालला होता. किल्ली दोघींनाही माहीत होती. पण ती एकीच्या नवऱ्याचं नाव, दुसरीच्या सासऱ्याचं.

"आत्याबाई, घ्या की नाव!" शालन ओरडली.

"अगं, असं कसं घेऊ? थांब, उखाण्यात घेते," अंबूबाई म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सुरुवात केली. "इंद्रायणीच्या काठी… इंद्रायणीच्या काठी…"

पुढचं त्यांना आठवेना. हरभरा आठवेना, घाटा आठवेना.

शालननं वाट पाहिली नाही. तिनं उजवा हात भुंग्याच्या जबड्यात घातला. त्यानं पकड बदलली. मग अंबूबाईंनी उखाणा, पदर, सगळं सोडून किंचाळून नाव घेतलं. भुंग्यानं त्या क्षणी तोंड उघडलं आणि शाबासकीसाठी शेपूट हलवत बसला.

कालवड वाचली. शालनची दोन बोटं पुण्याच्या इस्पितळात काढावी लागली.

चार दिवसांनी मी तळवड्याला गेलो. ती घरी आली होती, हाताला मोठं बांधलेलं. अंबूबाई कोपऱ्यात बसून होत्या. त्यांनी तीन दिवस अन्न घेतलं नव्हतं. नाव उघडं घेतलं म्हणून, का उशिरा घेतलं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक. दारात भुंग्या मला बघून नाचायला लागला. माझं डोकं भडकलं, आणि कुणावर, तर त्या माउलीवर.

"एक शब्द काढायचा हुता," मी म्हणालो. "एक! जीभ झडली असती व्हय तुमची? माझ्या पोरीचा हात गेला."

अंबूबाई पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मला वाटलं, बरं झालं, बोललो. माझ्या छातीवरचा दगड मी त्यांच्या छातीवर ठेवला होता, आणि मला हलकं वाटत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही.

शालननं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"आबा," ती म्हणाली, "आमची आई तुमचं नाव घ्येती का वो?"

मी भुंग्याला घेऊन घरी आलो. वाटेत त्याला गोळी घालायची असं ठरवलं होतं, पण त्यानं काय वाकडं केलं होतं? मी शिकवलं तेच त्यानं केलं. संध्याकाळी माझी बायको ठकुबाई कुत्र्यांना भाकरी घालत होती. माझ्या गैरहजेरीत सात-सात कुत्री तिनंच सांभाळली होती, वर्षानुवर्षं. मी ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिलो. भाकरी टाकताना तिची बाही वर सरकली आणि कोपराच्या वर तो जुना व्रण दिसला. शालनच्या लग्नाच्या साली विळा लागला म्हणून तिनं सांगितलं होतं. विळ्याची खूण एक असते. या चार होत्या, दोन वर, दोन खाली.

"ठके, हे कशाचं?"

ती भाकरी मोडत राहिली. "तुमच्या राणी कुत्रीचं. शेजारणीचं करडू धरलं हुतं तिनं."

"मग तवाच का न्हाई सांगितलंस?"

"सांगून काय करायचं हुतं?" ती म्हणाली. "किल्ली तर तुमच्या नावाची."