हळदीच्या हंगामात दहावी

मित्रांनो, मला जुना म्हणा, माझी काही हरकत नाही. फक्त कुणी मला खोकं म्हटलं की राग येतो. मी बेंजो आहे. लांबट लाकडी अंग, त्यावर ताणलेल्या तारा आणि तारांवर टाईपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या, की मी गाऊ लागतो. माझी वायर भोंग्याला जोडली की आवाज शेजारच्या गावापर्यंत जातो आणि तिथली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवतात.

मुंबईतल्या एका कारागिराने मला सागाच्या लाकडातून घडवलं. उरणजवळच्या एका गावातला काळूराम मला घरी घेऊन आला. तेव्हा तो मिठागरात काम करायचा. दिवसभर मीठ ओढून त्याची बोटं इतकी राठ झालेली असत, की पहिले काही महिने मी गायचो कमी आणि किंचाळायचो जास्त. पुढे त्याचा हात बसला. पंचवीस वर्षं आम्ही आसपासच्या गावांतल्या हळदी गाजवल्या. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी असते. एकदा आमच्या ठेक्यावर नाचता नाचता नवरदेवाची सोन्याची अंगठी निसटली. ती शोधायला सगळा मांडव वाकला. मागच्या लोकांना वाटलं, ही नाचाची नवीन तऱ्हा आहे. तेही वाकून नाचू लागले. पुढची दोन वर्षं त्या गावात सगळे तसेच नाचत.

मग कीबोर्ड आले, काळूरामचे गुडघे धरले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे एका उंदराने माझा पट्टा खाल्ला. वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्या आठ वर्षांत माझी दखल घेणारा तो एकटाच.

मला खाली काढलं ते काळूरामच्या नातीने. तिचं नाव रुचिका. तेव्हा ती आठवीत होती. दिवाळीची साफसफाई करायला माळ्यावर चढली आणि साफसफाई तशीच टाकून मला घेऊन उतरली. आजोबांकडून ती वर्षभरात वाजवायला शिकली. नंतर स्वतःच्या चाली बांधू लागली. भूगोलाच्या वहीत मागच्या पानापासून चाली आणि पुढच्या पानापासून भूगोल, असं चालू होतं. वही संपली तेव्हा भूगोलाला चारच पानं मिळाली होती.

ती दहावीत गेली. त्या वर्षी तुळशीचं लग्न लागलं आणि सुजित आमच्या दारात आला. शेजारच्या गावात त्याची बेंजो पार्टी होती. संध्याकाळीसुद्धा तो काळा चष्मा लावायचा, त्यामुळे येताना उंबऱ्याला अडखळला. रुचिकाचा एक व्हिडिओ त्याने मोबाईलवर पाहिला होता.

"मुलगी बेंजो वाजवते म्हणजे एकदम कडक!" तो म्हणाला. "पण हंगामभर पाहिजे. रोज सकाळी प्रॅक्टिस, संध्याकाळी हळद. शाळा-बिळा जमणार नाही."

मित्रांनो, तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे हळदी सुरू होतात, त्या थेट पावसापर्यंत. आणि दहावीची परीक्षा बरोबर त्याच्या मधोमध येते.

त्या दिवशी जेवताना रुचिकाने जाहीर केलं, "मी शाळा सोडतेय. मला बेंजोच वाजवायचाय."

तिची आई कमळ भाकरी थापत होती. ती भाकरी परातीतच राहिली. कमळने आधी नवऱ्याला फोन लावला. जीवन बंदरावर ट्रेलर चालवायचा आणि तेव्हा गेटबाहेरच्या रांगेत उभा होता.

"शाळा सोडायची न्हाय!" फोनमधून आवाज आला. "न्हाय शिकलीस तर माझ्यासारखी रांगेत बसशील. पाच तास झाले, गाडी हललेली न्हाय!"

"बाबा, तुम्ही तर बारावी पास हायत," रुचिका म्हणाली.

नेमकी तेव्हाच रांग हलली, असं सांगून जीवनने फोन ठेवला.

मग कमळ सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुम्ही तरी सांगा हिला. तुम्ही सातवीत शाळा सोडलीत, त्याचं काय झालं ते सांगा."

काळूरामने शांतपणे मासळीचा काटा काढला. "मी कवा सोडली? शाळेनं मला सोडलं. दोनदा नापास झालो. बेंजो मागनं आला." त्याने नातीकडे पाहिलं. "मी हो म्हणनार न्हाय, न्हायपन म्हणनार न्हाय. रविवारी सुजितसंगं एक अख्खी हळद वाजव. मग काय ते तूच सांग."

कमळने ती भाकरी अशी आपटली की मी कोपऱ्यात होतो तरी माझ्या तारा झणकारल्या.

रविवारी दुपारी आम्ही टेम्पोत चढलो. रुचिकाला चमचमतं जाकीट मिळालं होतं. ते आधीच्या वादकाचं होतं आणि तिला गुडघ्यापर्यंत येत होतं. पण तिचा चेहरा असा फुलला होता, की जाकिटाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. पहिलं गाणं सुरू झालं. मांडव उठला. इतक्या वर्षांनी माणसं माझ्यावर नाचत होती. मला तर वाटलं, सोडून टाक गो शाळा, आजच सोड!

दुसरं गाणं मागण्यात आलं. ते पहिलंच होतं. तिसऱ्यांदा नवऱ्याच्या मामाने तेच मागितलं, चौथ्यांदा मामाच्या मित्रांनी. नवव्या खेपेला रुचिकाच्या बोटाला फोड आला. तिने हळूच तिची स्वतःची चाल सुरू केली. दोन ओळी झाल्या नाहीत तोच सुजित धावत आला.

"ए, हे काय वाजवतेस?"

"माझी चाल आहे, दादा."

"आपलं वाजवायचं नाही! मोबाईलवर जे चाललंय ते वाजवायचं. जसंच्या तसं. टेन्शन नाही घ्यायचं."

अकराव्या खेपेला वीज गेली. भोंगे मुके झाले. सुजितची सगळी पार्टी वडे खायला पळाली. मांडवात मात्र पदीबाय उठून बसली. पदीबाय म्हणजे धवलारीण, आमच्या लग्नांत धवले गाऊन विधी करणारी बाई. वय पंच्याहत्तरच्या पुढे. भोंग्यांपुढे दुपारपासून तिला कुणी तोंड उघडू दिलं नव्हतं. तिने आता धवला सुरू केला, आणि बायका भोवती जमल्या.

रुचिका मला घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. भोंग्याविना माझा आवाज डासापेक्षा जरासाच मोठा. तरी ती अंदाजाने स्वर धरू लागली.

"चुकलीस बाय," पदीबाय गाता गाता मध्येच थांबून म्हणाली. "इथं वर जायाचं न्हाय. घे फिरून."

सहा वेळा चुकली. सहाही वेळा म्हातारीने तिला सगळ्या बायकांसमोर थांबवलं. गणिताच्या बाईंनी एकदा थांबवलं तर रुचिका दिवसभर फुगून बसायची. इथे मात्र ती हसत होती, आणि फोडाचं बोट तोंडात घालून पुन्हा बटणावर ठेवत होती. सातव्या वेळी स्वर जुळला. पदीबाय थांबली नाही, एवढंच. रुचिकाने तोच स्वर धरून पुढची ओळही वाजवली.

परतताना टेम्पोत सुजित खूश होता. "मग काय, सोमवारपासून? सकाळी दहाला ये."

"दादा, आपण नवीन चाल कधीच नाही वाजवणार?"

"कशाला? लोकांना जे माहीत आहे तेच पाहिजे. तू बघायचं आणि जसंच्या तसं उतरवायचं."

रुचिकाने थोडा विचार केला. मग म्हणाली, "फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवून तर मी शाळेतपण घेते. त्यासाठी शाळा कशाला सोडू?"

सुजितने प्रथमच काळा चष्मा काढला.

घरी येऊन तिने जाकीट उतरवलं आणि सांगितलं, "दहावी करते. पुढचं पुढे ठरवीन, आणि मीच ठरवीन. पण दर रविवारी मी पदीबायकडे जाणार." कमळला नाचावं की रागवावं कळेना. शेवटी तिने लेकीच्या बोटाला हळद लावली आणि म्हणाली, "आधी जेव."

दहावीत तिला चौसष्ट टक्के मिळाले. भूगोलात सर्वांत कमी, ते का हे मला माहीत आहे, पण मी कुणाला बोललो नाही.

निकालाआधीच, मे महिन्यात, तिच्या आत्येभावाची हळद होती. रुचिकाने धवल्याच्या सुरांवर बांधलेली स्वतःची चाल वाजवली. सुरुवातीला कुणी नाचलं नाही. चार माणसं तर पत्रावळ्या शोधायला गेली. मग एक मावशी हळद वाटता वाटता उठली, डोळे मिटून डुलू लागली. गाणं संपल्यावर तिने माझ्या बटणांवर हात ठेवून विचारलं, "हे कुठलं गो? आपलंच वाटतंय." तिचा हात हळदीने माखलेला होता.

मित्रांनो, समुद्राकाठी आमच्यासारख्यांना गंज लवकर चढतो. वाजवून झालं की तारा मऊ फडक्याने पुसा, ओल्या भिंतीला टेकवू नका. आणि घरातलं कुणी काही वेगळं करू म्हणालं, तर आधी जेवायला वाढा, मग काय विचारायचं ते विचारा. माझ्यावरची धूळ पुसा, डाग पुसा, सगळं पुसा. फक्त उजवीकडच्या तिसऱ्या बटणावर पिवळं बोट उमटलं आहे, तेवढं राहू द्या.