तांदळाच्या डब्ब्यातला लेन्स

आमच्या घरचा माणूस, म्हणजे मोतीलाल फोटोवाले, आठ महिन्यांपासून एक लेन्स निवडून राह्यले होते. आठ महिने! एवढ्यात म्या तीन पोरींच्या सोयरिकी जमवल्या असत्या.

पहिले सांगते झालं काय ते. तीस वर्षं यायनं बालाघाटात अन् आजूबाजूच्या खेड्यात लग्नाचे फोटो काढले. एक कॅमेरा गळ्यात, एक खांद्यावर, अन् पाठीवर लेन्सची बॅग, धानाच्या पोत्याएवढी. खांद्यानं सोसावं तरी किती? एका लग्नात वरमालेच्या टायमाले उजवा हात वर केला तो तसाच खाली पडला. नागपूरले ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगतलं का हात आता छातीच्या वर जानार नाही, अन् गळ्यात एक किलोच्या वर काही लटकवायचं नाही. स्टुडिओ यायच्या भाच्यानं, रजतनं, सांभाळला. अन् हे घरी बसले.

आमचं पहिलेच ठरलं होतं, काम सुटलं का फिरायले जायचं. हट्ट्याची बावडी, ती जुनी पायऱ्यायची विहीर, पाहायची, बैहरच्या जंगलात जायचं. "तीस वर्षं लोकायसाठी काढले, आता आपल्यासाठी काढू," हे यायचेच शब्द. पण एक किलोत कॅमेरा अन् एकच लेन्स बसते, तोही हलका. तिथंच गाडी अडकली. रोज सकाळी पलंगावर टॉवेल आंथरायचा, सगळे लेन्स मांडायचे, पुसायचे, अन् आपल्याशीच भांडायचं. "हा घेतला तं पाखरू दिसते, पण बावडी मावत नाही. हा घेतला तं बावडी मावते, पण पाखराची मुंगी होते." मंग सगळे लेन्स परत बॅगमध्ये.

म्या म्हणलं, "अवो, देवानं डोळे एकाच नंबरचे देल्ले ना? ते कधी बदलले का तुमी?"

"तुले नाही समजत त्याच्यातलं."

समजत कसं नाही? नाचता येईना अंगण वाकडं. लेन्सचं निमित्त होतं. हात वर जाईन का नाही, याचं भेव होतं त्यायले. अन् मले भेव होतं का हा माणूस आता कॅमेरा उचलनारच नाही, असाच टॉवेलापुढं बसून म्हातारा होईन. बोलनं कमी झालं होतं. जेवताना मीठ कमी आहे हेही सांगत नव्हते, अन् मीठ खरंच कमी राहे.

भादव्यात माझ्या भावाचा, पुनारामचा, किरनापूरहून फोन आला. "बाई, आपल्या वावरात सारसाच्या जोडीनं पिल्लू काढलं. भाऊजीले घेऊन ये." म्या यायले सांगतलं. हे म्हणाले, "पाहू."

पाहू! आठ महिने हाच एक शब्द ऐकून राह्यली होती मी. डोक्शात तिडीक गेली. पाय आपटत स्वयंपाकघरात गेली अन् भातासाठी तांदूळ काढाले डब्ब्यात मापलं घातलं, तं ते कशाले तरी ठेकलं. काढून पाह्यलं तं लेन्स! पावसाळ्यात काचेले बुरशी लागते म्हणून हे लेन्स थैलीत बांधून सुक्या तांदळात ठेवत. एक तळाशी राहून गेलता. एवढासा, चपटा, पुरनपोळीच्या गोळ्याएवढा. भाजी तोलायच्या काट्यावर ठेवला, कॅमेराही ठेवला. आठशे ऐंशी ग्राम. तसाच उचलला अन् नेऊन यायच्या पुढं ठेवला.

"हा?" हे हसले. किती दिवसांनी हसले! "हा तं कॅमेऱ्यासोबत फुकट आलता. हा घेऊन लग्नात उभा राह्यलो तं नवरीचा बाप म्हणीन, काहो, फोटोग्राफर कवा येनार?"

"सारसाच्या पिल्लाचं लग्न नाही लागून राह्यलं तिथं. लावा अन् चाला. नाई तं मी एकटी जाते."

मी खरंच एकटी गेली असती. ते त्यायले माहीत होतं, म्हणून आले.

रात्री पुनारामकडे मुक्काम केला अन् सूर्य निघाच्या आत वावरात गेलो. धान निसवायले आलता, त्याच्यावर धुकं. पुनारामनं धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, पोतं टाकलं अन् सांगतलं, "भाऊजी, बसा इथं. याच्यापुढं पाय नाही टाकायचा. मानूस जवळ गेला का पिल्लाले घेऊन पळते ते. मीही जात नाही. त्या बांधीतलं, तेवढ्या तुकड्यातलं, निंदनसुद्धा सोडलं या साली." एवढं बोलून तो बैलाकडे गेला.

पार तिकडच्या टोकाले, धानात, दोन करडे खुंट दिसत होते. यायनं कॅमेरा मांडीवर घेऊन, मान वाकवून त्याच्यातून पाह्यलं अन् चेहरा पडला.

"मुंगी! सांगत होतो ना मी? लंबा लेन्स पाहिजे होता. चाल, उठ, घरी चाल."

माझा पारा चढला. ओरडता तं येत नव्हतं, म्हणून दातावर दात ठेवून बोलली, "बसा! तीस वर्षं साऱ्या जिल्ह्याले बसा, उठा, इकडे पाहा केलं ना? आज मी म्हणते, बसा."

बसले. मी त्यायच्यापुढं हातभरावर बसली.

धुकं वर उचलाले लागलं अन् ते खुंट चालाले लागले. एक पाय उचलावा, थांबावं, चोच पान्यात घालावी, मंग दुसरा पाय. घाई नाही. धुऱ्याच्या कडेकडेनं आमच्याचकडे येऊन राह्यले होते. मधात पिल्लू, गुळाच्या रंगाचं, धानात पडत होतं अन् उठत होतं. हे माहेर माझं. लहानपनापासून सारस पाह्यले मी, पण दुरून. पंधरा हातावर कधी नाही. बाप्पा! केवढं ते पाखरू! मी उभी राह्यली असती तं माझ्या बरोबरीनं भरलं असतं. लाल मान, अन् तो लाल डोळा, त्यानं आमच्याकडे पाह्यलं. आमचं काहीच वाटलं नाही त्याले. मंग दोघांनीही माना आभाळाकडे केल्या, नरानं पंख उघडले, अन् हाक देल्ली. एकानं द्यावी, दुसरीनं तिथूनच उचलावी. आवाज कानात नाही, छातीत वाजला माझ्या. अंगावर काटा आला. हात आपोआप जोडल्या गेले.

तेवढ्यात मागं सुस्कारा ऐकू आला. वळून पाह्यलं. मांडीवरून पिल्लू धानाआड जात होतं, म्हणून यायनं कॅमेरा उचलला होता अन् हात छातीशी अडकला होता. वर जाईना. एकट्या डाव्या हातानं धरला तं कॅमेरा सरळ राहीना. डोळे भरले होते. समोर एवढं देवानं मांडून ठेवलेलं, अन् या माणसाचा हात चार बोटं कमी पडून राह्यला होता.

मी बसल्या बसल्या मागं सरकली, पाठ त्यायच्या छातीले लागेपर्यंत, अन् आपल्या उजव्या खांद्यावर हात थोपटला. त्यायले समजलं. कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकला. त्यायचा श्वास माझ्या मानेवर येत होता.

"हालू नको," हे हळूच बोलले.

तीस वर्षं हे दोन शब्द दुसऱ्यायच्या पोरीयले ऐकवले यायनं. मले कधीच नाही. माझा एकही फोटो नाही या माणसानं काढलेला. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं. आमच्या लग्नातला काढला तो यायच्या उस्तादानं, अन् दुसरा आधार कार्डावरचा, त्याच्याबद्दल न बोललेलंच बरं.

मी हालली नाही. श्वाससुद्धा घेतला नाही. नराचे पंख अजून उघडेच होते, त्याच्यातून ऊन येत होतं, पिल्लू मायच्या पायामधात. कानाजवळ खट् झालं. एकदाच. मादीनं मान वाकडी करून पाह्यलं, अन् परत पान्यात चोच घातली.

मंग ते तिघंही तसेच चालत गेले. आम्ही उठलोच नाही. ऊन पाठीले लागलं तरी कॅमेरा माझ्या खांद्यावरच होता.

बालाघाटले आलो, अन् रजतनं स्टुडिओतल्या मोठ्या स्क्रीनवर फोटो लावला. पोट्टं उभंच झालं. सगळं मावलं होतं त्याच्यात. दोन्ही सारस, पंख, पिल्लू, धान, धुकं, वरचं आभाळ. अन् डाव्या कोपऱ्यात काहीतरी धुरकट.

"मामा, क्या बात है! पन हे कोपऱ्यात मामीचा कान आला. केस पन. काट दूँ?"

खरंच, माझा कान होता. कानातली बिरी अन् पांढऱ्या बटा. मले लाजल्यासारखं झालं. म्या म्हणलं, "काप रे बाप्पा, कापून टाक." यायचं तं पक्कं राहे का फोटोत कोनाचं कोपर आलं तरी काटायचं. याच्यावरून कितीक शिव्या खाल्ल्या रजतनं.

हे खुर्चीतून उठले अन् रजतच्या हातातला माऊस घेतला.

"कान नाही काटायचा."

"पन मामा, तुमीच तं शिकवलं ना..."

"शिकवलं. चूक शिकवलं. लंबा लेन्स नेला असता तं एकटा सारस आला असता. हा होता म्हणून तुझी मामी आली."

मी चहाचे कप उचलले अन् मागच्या खोलीत गेली. कप धुतलेलेच होते, तरी परत धुतले.

आता तो फोटो स्टुडिओच्या काचेत आहे, चार नवरीयच्या फोटोयच्या मधात. घरी बॅग तांदळाच्या डब्ब्याजवळ पडली आहे, टॉवेल मी पाय पुसाले घेतला. काल जेवताना हे म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." मंग थोड्या वेळानं इचारलं, "हट्ट्याची बस किती वाजता आहे?"

"साडेसात. पन कॅमेऱ्याचा स्टँड घ्या सोबत, बावडीत अंधार राहीन."

"स्टँड एक किलोत नाही बसत," हे म्हणाले, अन् माझ्या खांद्याकडे पाहाले लागले.