कुत्र्याला खिसा नसतो

लिंबू चिरलं आणि भळाभळा रक्त आलं! बायका किंचाळल्या.

१९९१चा जानेवारी, सौदीतलं गाव अल-खोबर, इराकशी युद्ध पेटलेलं. खिडक्यांना चिकटपट्ट्या, क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की तोंडाला मास्क. चंद्रशेखरच्या फ्लॅटमध्ये वीस मराठी माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि मधोमध शेजारच्या पद्मिनीबाई घुमत होत्या. पुढ्यात रस्टी मान टाकून पडला होता. युद्धाच्या धास्तीनं मायदेशी परतलेल्या इंग्रज शेजाऱ्यानं हा कुत्रा चंद्रशेखरच्या अकरा वर्षांच्या विभाला देऊन टाकला होता.

"मुक्या जनावराचं रक्त पिणारी बाधा आहे ही! इराकच्या वाऱ्यावर बसून आलीय!"

बाधेची बरी चैन! ना व्हिसा, ना राहण्याच्या परवान्याचा इकामा.

"आता काय करू, बाई?" चंद्रशेखरनं हात जोडले. इंजिनिअर माणूस, पण भीतीपुढे डिग्री काय करणार?

"कांदा वाढवा!"

कांद्याचं खूळ पहिल्या भोंग्यापासूनचं. गावाकडे खिशात कांदा असला की ऊन बाधत नाही, मग इराकचा विषारी गॅस तरी कसा बाधेल, असं बाईंचं शास्त्र. माणसांच्या खिशात एकेक कांदा आणि कुत्र्याला खिसा नाही, म्हणून त्याच्या पोटात रोज दोन! चंद्रशेखर स्वतः चिरून भातात कालवायचा.

"पप्पा, प्लीज, डॉक्टरकडे नेऊ या ना!"

"गप्प बस. मोठ्यांच्यात बोलू नये."

दुसऱ्या दिवशी रस्टीला उभंही राहवेना. लघवी काळ्या चहासारखी झाली. विभानं न जेवता ताट सरकवलं, तेव्हा कुठे चंद्रशेखरनं कुत्र्याला गाडीत घातलं. डॉ. ताजुद्दीन मूळचे दापोलीचे, इथल्या एका डेअरीत गुरांचे डॉक्टर.

त्यांनी रस्टीचा ओठ उचलला. हिरड्या पांढऱ्याफटक.

"रक्त कमी होतं ते गळून, फुटून, नाहीतर बनतच नाही म्हणून. आपण एकेक बघू."

जखम नाही. गोचीड नाही. शौचात जंत नाहीत. मग रक्ताचा थेंब काचेवर घेऊन ते सूक्ष्मदर्शकात बघत राहिले.

"तांबड्या पेशी फुटतायत, साहेब. खायला काय घालता?"



"कांदा," विभा म्हणाली. "पप्पा घालतात."

"या अल्ला! अहो, कुत्र्याला कांदा म्हणजे विष!"

"पण लिंबातून रक्त आलं होतं..." चंद्रशेखर पुटपुटला.

डॉक्टरांनी कपाटातून कर्कदे काढलं. इथल्या कुठल्याही दुकानात मिळणारी, सरबताची सुकी लाल फुलं. त्यांचा दाट काढा सुरीला लावून वाळवला आणि लिंबू चिरलं. आंबट रस लागताच लालभडक ओघळ!

चंद्रशेखरला धरणी दुभंगावी असं झालं.

शुक्रवारी त्यानं तीच मंडळी बोलावली आणि तशीच सुरी चालवली. "देवाची चेष्टा करता?" म्हणत पद्मिनीबाई तरातरा निघून गेल्या.

"बाईंनी सुरीला रंग लावला," चंद्रशेखर म्हणाला, "पण कांदा मी चिरला. जनावर डोळ्यांदेखत पांढरं पडत होतं आणि मी लिंबात बघत बसलो. लाज वाटते हो! घाबरा, घाबरणारच आपण. पण घाबरलात तरी कारण विचारा. पोरगी विचारत होती, तिला मी गप्प केलं."

त्यानं खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला. हळूहळू इतरांचेही खिसे रिकामे झाले.

युद्ध संपेतो रस्टी उड्या मारू लागला. चंद्रशेखर दिसला की शेपूट हलवायचा, जणू काही घडलंच नाही. पण जेवणाची वेळ झाली की विभा बापाच्या हातातून भांडं काढून घ्यायची.

"राहू द्या पप्पा," ती म्हणायची. "मी घालते."