औषधदान पेटीच्या पोटात

मी एक जुनी लाकडी पेटी आहे, आणि या इमारतीची सगळी माणुसकी काही काळ माझ्या पोटात साठवलेली होती. तिच्यावरची तारीख उलटून गेली होती आणि तिला मुंग्या लागल्या होत्या.

मित्रांनो, हे मी अलंकारिक बोलत नाही. पोटात सांडलेलं खोकल्याचं औषध अजून पुरतं निघालेलं नसताना अलंकारिक बोलणं जमत नाही.

माझा जन्म इमारतीच्या समितीच्या अध्यक्षांच्या कपाटातून उरलेल्या फळ्यांपासून झाला. सुताराने त्या तासल्या, चार कोपरे जुळवले, वर एक फट ठेवली आणि मला जिन्याखाली, पहारेकऱ्याच्या खोलीच्या दाराशेजारी ठोकलं. माझ्यावर 'तक्रारी व सूचना' असं लिहिलेलं होतं. लोक चिठ्ठ्या टाकत. वरच्यांचं पाणी गळतं, खालच्यांची फोडणी नाकाला झोंबते, समोरच्यांचा कुत्रा आमच्याकडे रोखून बघतो. माणसाच्या आतून याहून वाईट काही बाहेर पडू शकत नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मी अननुभवी होते.

मग एके दिवशी अध्यक्षांच्या पत्नीला समाजसेवा सुचली. घरोघरी औषधं उरतात, ती फेकण्यापेक्षा गरिबांना द्यावीत, असा विचार होता. विचार ऐकायला उत्तम होता. मला पांढरा रंग फासला, पोटावर लाल फुली काढली आणि 'औषधदान पेटी' असं नाव दिलं. फीत कापली, फोटो काढले. अध्यक्ष म्हणाले की ही पेटी म्हणजे इमारतीचं हृदय आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुलून आले. ओल्या रंगाने फळ्या फुलतातच, पण तेव्हा मी त्याचं श्रेय टाळ्यांना दिलं.

दुसऱ्या दिवसापासून हृदयात दान पडू लागलं.

पहिल्यांदा गोळ्यांची पाकिटं आली. कात्रीने अशी कापलेली की औषधाचं नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या, हरवलेल्या तुकड्यावर. मग डोळ्यांत घालायचे थेंब आले, कधीतरी उघडलेले, बाटलीच्या तोंडाशी पिवळं काहीतरी सुकलेलं. ते काय होतं हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. शेपटीकडून गुंडाळत आणलेल्या मलमाच्या नळ्या आल्या, त्यांना कोणाच्या तरी बोटाचे केस चिकटलेले. वर्तमानपत्राच्या पुडीत अर्ध्या मोडलेल्या गोळ्या आल्या. जंतू मारणाऱ्या औषधाच्या तीन-तीन, चार-चार गोळ्या तर रोजच यायच्या. डॉक्टरांनी पूर्ण घ्यायला सांगितलेल्या, पण ताप उतरला म्हणून घरच्यांनीच थांबवलेल्या. स्वतःचा आजार अर्धवट सोडायचा आणि उरलेला उपचार दुसऱ्याला दान करायचा, ही कल्पना मला माझ्या आतल्या वासापेक्षाही किळसवाणी वाटली. आणि वास साधा नव्हता. त्यात जुलाबाच्या औषधाची गोडी, बाम आणि ओल्या कापसाचा कुबटपणा एकत्र नांदत होता.

दुसऱ्या मजल्यावरचे प्राध्यापक रोज येता-जाता काहीतरी टाकायचे. त्यांच्या बायकोने एकदा विचारलं, "अहो, हे कसलं औषध आहे?"

"कुठलं का असेना. गरिबाला काही ना काही होतच असतं."

अशी मी भरले. अडचण एकच होती. गरीब सापडेना.

इमारतीत गरीब नव्हते आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना हाका मारणं बरं दिसत नव्हतं. अध्यक्षांच्या पत्नीला वार्षिक सभेत दाखवायला एक तरी लाभार्थी हवा होता. शेवटी त्यांची नजर पहारेकऱ्यावर पडली. इमारत त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला मामी. मामी खोलीतच बसून कपड्यांना बटणं लावून देतात.

"मामा, तुमच्याकडे कोणाला काही होतं का?"

"नाही ताई. सगळं ठीक आहे."

"असं कसं? आठवून बघा."

मामा बिचारे आठवू लागले. आपण निरोगी असल्याची त्यांना लाज वाटायला लागली असावी. "मला काही नाही. हिला साखर आहे. पण तिच्या गोळ्या चालू आहेत."

"कुठल्या?"

"सरकारी दवाखान्यातल्या."

"अरे देवा, त्या फुकटातल्या," ताई म्हणाल्या आणि त्यांनी माझं झाकण उघडून आत कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यावर एक मुंगी होती आणि मुठीत एक चकचकीत, न कापलेलं पाकीट. "ह्या घ्या. आमच्या ह्यांच्या आहेत. चांगल्या महागातल्या."

हे खरं होतं. गोळ्या अध्यक्षांच्याच होत्या. त्यांनाही साखर आहे. त्या गोळीने त्यांना घाम फुटून गरगरायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी ती बंद करून दुसरी दिली होती. म्हणजे अध्यक्षांना जी सोसली नाही, ती मामींना भेट मिळाली. मामांनी पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि फोटोसाठी थोडं हसून दाखवलं.

मित्रांनो, मी पेटी आहे. मला झाकण आहे, जीभ नाही. त्या वेळी मला याचा जितका संताप आला तितका पुन्हा कधी आला नाही.

मामी काटकसरी बाई. जुन्या गोळ्या शिल्लक होत्या, त्या वाया का घालवायच्या, म्हणून त्या चालू ठेवल्या. नव्या गोळ्या अध्यक्षांच्या पत्नीने प्रेमाने दिलेल्या, त्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून त्याही सुरू केल्या. एक पांढरी, एक गुलाबी. रंग वेगळा, नाव वेगळं, तेव्हा औषधही वेगळंच असणार, असं त्यांना वाटलं. शिकलेल्यांनाही असंच वाटतं.

त्या सकाळी मामी पाण्याची कळशी घेऊन खोलीबाहेर आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. कपाळावरून घाम ओघळत होता. हात इतका थरथरत होता की कळशीतलं पाणी माझ्या पायाशी सांडलं. मामांनी विचारलं, "काय गं, काय होतंय?" त्यावर त्या म्हणाल्या, "बटणं उकळायला ठेवलीत." मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

मामा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाकडे धावले. ते दुकान चालवणाऱ्या बाईंना आम्ही दुकानवाल्या ताई म्हणू. त्या शिकलेल्या फार्मासिस्ट आहेत आणि सकाळी सहसा कोणाशी गोड बोलत नाहीत. त्या आल्या, मामींना हाक मारली, त्यांना नीट गिळता येतंय ना ते पाहिलं आणि साखरेचं दाट पाणी घोटाघोटाने पाजलं. थोड्या वेळाने मामींनी डोळे नीट उघडले.

एव्हाना जिन्यात माणसं जमली होती. वरून अध्यक्षांची पत्नी म्हणाली, "उपाशी राहिली असेल. या बायका जेवतच नाहीत वेळेवर."

"गाडी बोलवा," दुकानवाल्या ताई वर न बघता म्हणाल्या. "दवाखान्यात न्यायचंय. आत्ता बरं वाटलं तरी साखर पुन्हा उतरू शकते. आणि मामा, ही काय काय घेते ते सगळं आणा."

मामांनी दोन्ही पाकिटं आणली. दुकानवाल्या ताईंनी ती उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ धरली. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. खरं औषध कोणतं ते त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात असतं. दोन्हींवर मुंगीएवढं नाव एकच होतं. महागातल्या गोळीत तेच औषध दुप्पट होतं.

"हे कोणी दिलं?"

लाल फुली माझ्या पोटावर होती, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मामींना दवाखान्यात ठेवून घेतलं. त्यांच्या साखरेने दोन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला लावला. मामांच्या जागी फाटकावर कोणी नव्हतं. कोणी बसलंही नाही.

त्या घरी परत आल्या त्या संध्याकाळी दुकानवाल्या ताईंनी माझं झाकण उघडायला लावलं आणि सगळं जुन्या चादरीवर ओतलं. समिती नाकाला रुमाल लावून उभी होती. आपल्याच घरातून आलेल्या वस्तूंना इतकं नाक मुरडताना मी माणसांना पहिल्यांदाच पाहिलं.

"यातलं काहीतरी वापरता येईल ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"कापूस. तो बंद पाकिटातला."

"आम्ही चांगल्या मनाने केलं हो."

"गोळी मन बघत नाही साहेब, रक्त बघते," दुकानवाल्या ताई म्हणाल्या. "एकाला लिहून दिलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. नवीन काही सुरू करायच्या आधी, चालू आहे ते घेऊन माझ्याकडे नाहीतर डॉक्टरांकडे यायचं. विचारायला पैसे पडत नाहीत."

"पण दोन्ही एकदम घ्यायला तिला कोणी सांगितलं होतं?" अध्यक्षांची पत्नी म्हणाली.

"घेऊ नको असंही कोणी सांगितलं नव्हतं," मामा म्हणाले. मामा एवढं मोठं वाक्य समितीपुढे पहिल्यांदाच बोलले. मामी दारातच बसल्या होत्या. त्या अध्यक्षांच्या पत्नीला नम्रपणे म्हणाल्या, "ताई, तुमच्या गोळ्या फार जोरदार होत्या हो. साहेबांना पेलत होत्या?"

साहेब चादरीकडे बघत राहिले.

दुकानवाल्या ताईंनी ते सगळं गाठोडं उचललं. हे मोरीत ओतायचं नाही, कचऱ्यात टाकायचं नाही, उरलेलं औषध दुकानात आणून द्या, ते नीट नष्ट करायची सोय आहे, असं सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. दुकान इमारतीपासून हाकेच्या अंतरावर आहे.

मित्रांनो, मला घासलं, उन्हात ठेवलं, तरी झाकण उघडलं की मला माझीच शिसारी येते. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. घरातलं औषध हे शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी तसं देऊ नका, आणि कोणी दिलं तर मामींसारखं भिडेपोटी गिळू नका. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. वाचता आली नाहीत तर वाचणाऱ्याला विचारा. दान करायची फारच उबळ आली तर कोणाच्या तरी जागी फाटकावर दोन तास बसा.

समितीने त्यानंतर तातडीची सभा घेतली आणि एकमताने माझी फट खिळे ठोकून बंद केली. आता लोक औषधं माझ्या डोक्यावर ठेवून जातात.