वेखंडाचं पाणी

शैलाताई नागपूरहून अमेरिकेत हर्नडनला निघाल्या होत्या सुनेच्या बाळंतपणासाठी. पण विमानात बसण्याच्या आठवडाभर आधी, सातव्या महिन्यातच बाळ गेलं. "तिकीट कॅन्सल करू का, आई?" संजीवनं फोनवर विचारलं. "आता तर मी येणारच," असं लेकाला फटकारून त्या आल्या. बाळासाठी भरलेली बॅग उपसायचं मात्र त्यांना धैर्य झालं नाही.

त्यालाही महिना झाला. राधिका ऑफिसला जायची, परत यायची, ताटातलं निमूटपणे संपवायची. बाळाचा विषय कुणी काढत नव्हतं. एरवी शैलाताई दाराबाहेरच्या कुत्र्याचीही चौकशी करणाऱ्या बाई. पण इथे त्यांची जीभच उचलत नव्हती. पोरीनं एकदा पोटभर रडून घ्यावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि ते कसं व्हावं हे काही सुचत नव्हतं.

जूनमधल्या एका शनिवारी समोरच्या फ्लॅटमधल्या कोरियन हान आजींनी दोघींना बोलावलं. टेबलावर कसल्याशा पाल्याचे हिरवेगार तांदळाचे केक होते, वर चाकासारखी नक्षी, आणि मधाच्या पाण्यात तरंगणाऱ्या चेरी. गॅसवर मोठ्या पातेल्यात काहीतरी उकळत होतं.

"आज त्यांचा दानो आहे, आई," राधिका म्हणाली. "उन्हाळा सुरू होतो ना, त्याचा सण. या पाण्यानं केस धुतले की वर्षभर आजारपण येत नाही म्हणे."

शैलाताईंनी वाफेवर नाक नेलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई, वेखंड!"

हान आजी खूश झाल्या. शैलाताई मात्र जागच्या जागी थिजल्या.

"तुम्ही ओळखलंत कसं?" राधिकानं विचारलं.

स्वयंपाकात वापरतात, असं खोटंच सांगता आलं असतं. पण एवढ्या दिवसांच्या गप्प बसण्याचा त्यांना एकदम वीट आला.

"माझ्या बॅगेत आहे. बाळासाठी आणलं होतं."

राधिका हळूच म्हणाली, "घेऊन या."

शैलाताई बाळाच्या इवल्याशा टोपड्यात गुंडाळलेली पुरचुंडी घेऊन आल्या. आत उगाळायचा तुकडा होता आणि बारीक वस्त्रगाळ पूड. राधिकानं ती कितीतरी वेळ हुंगली.

"ही कुठे लावतात?"

"टाळूला. अंघोळ झाली की. सर्दी होऊ नये म्हणून."

हान आजींना भाषा कळली नव्हती, पण पुरचुंडीभोवतीचं टोपडं त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी तो वेखंडाचा तुकडा पातेल्यात सोडला, पाणी निववलं आणि तांब्याएवढं भांडं शैलाताईंच्या हातात दिलं.

राधिका सिंकवर वाकली. शैलाताईंनी तिचे केस सावकाश धुतले, टॉवेलनं खसखसून पुसले. मग सवयीनं त्यांची चिमूट पुडीकडे गेली, आणि तिथेच थबकली.

"लावा ना, आई," राधिका म्हणाली.

त्यांनी सुनेच्या टाळूवर वेखंड चोळलं. तेव्हा कुठे राधिकाला रडू फुटलं.