सोशिक बाई

दुखणं कसं शमवावं याचं खास शिक्षण घेणारे सहा डॉक्टर परळच्या एका इस्पितळात धुरपदाबाईच्या खाटेभोवती उभे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात लाठी बसून तिची नडगी फुटली होती. शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी जखमेला चिकटलेली पट्टी सर्रकन ओढली. धुरपदाबाईच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तोंडातून हूं की चूं निघालं नाही.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "या गिरणीतल्या बायका भारी सोशिक. हिला इंजेक्शन नको. लिहून घ्या."

सहाही जणांनी मुकाट्यानं लिहून घेतलं.

धुरपदाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोशिक? अरे, नायगावपासून फोर्टापर्यंत "मुंबई आमची" ओरडून तिचा घसा पार बसला होता! नाहीतर तिच्या किंकाळीनं हिंदमाताच्या नाक्यापर्यंत माणसं गोळा झाली असती. आणि ओरडली असती, तर हेच म्हणाले असते, बाई नाटकी आहे. एवढी बुकं शिकलेली माणसं, पण तिच्या तोंडाकडे बघायची एकालाही सवड नव्हती.

तिनं शेजारच्या शिकाऊ डॉक्टरची वही खसकन ओढली. चाळीतल्या साक्षरता वर्गात गिरवलेली अक्षरं कागद फाटेस्तोवर दाबून लिहिली आणि वही परत त्याच्या हातात कोंबली.

"वाचा मोठ्यानं," मोठे डॉक्टर हसत म्हणाले.

त्यानं वाचलं, "घसा माझा बसलाय. दुखतंय का, एवढं विचारायला तुमचा कशानं बसला?"