होडीच्या पोटावरचा हात

माझ्या तोंडात उरलेल्या तीन दातांची आण घेऊन सांगते, ह्यातला शब्दन् शब्द खरा हाय! कुणाला खोटं वाटत असंल त्यानं लोधिवलीला जावं आन् शकूरच्या अंगणात डोळ्यानं बघून यावं. समुद्र तिथून कुठच्या कुठं, आन् शेवग्याखाली चार पिंपांवर चढवलेली फायबरची मोटारबोट!

ती आणली शकूर-नूरबानोच्या अरबाजनं. बंद पडलेल्या कुठल्याशा रिसॉर्टातलं भंगार. टेंपोतून उतरवली तवा बुडाला बोकडाचं मुंडकं जाईल एवढं भोक.

"ह्यात काय मेथी लावायची रं?" नूरबानोनं विचारलं.

"अम्मी, तुला धरणावर फिरवणार. राणीसारखी!"

पोरानं होडी पालथी घातली, काचेच्या धाग्यांची चटई कापली, रेझिन म्हणजे चिकट रस कालवला, आन् हातमोजे नाय म्हणून उघड्या पंजानंच ठिगळ दाबून बसवलं. रेझिन वाळलं तसा पंजा तिथंच उमटला. असा लख्ख, की ज्योतिषानं आयुष्याची रेघ वाचावी! हात इतका चिकटला की थिनरनंही सुटेना. त्या दुपारी सव्वीस वर्षांच्या घोड्याला आईनं शिव्या घालत घालत घास भरवले.

होडी सुलटी करून पिंपांवर चढवली, बाकीचं काम अर्धवट राहिलं आन् नदी चढली. खालच्या वाडीला पाण्यानं वेढा घातला. अरबाज ट्रकची ट्यूब घेऊन गेला. वाडीतल्या बुधीला काढलं, तिच्या नातवाला काढलं. पुन्हा गेला, तो आलाच नाय.

तवापासून शकूरला एकच ध्यास. पुढच्या पावसाआधी होडी पाण्यात गेली पायजे, वाडीसाठी. कुजलेलं प्लायवूड त्यानं खरवडून काढलं, खोपोलीच्या मेस्त्रीकडून इंजिन उघडून घेतलं. फायबर घासताना काचेची भुकटी अंगात अशी शिरायची की खोबरेल चोळल्याशिवाय त्याला झोप नाय. नूरबानो कशाला हात लावत नव्हती. भांडी घासून झाली की होडीखाली जाऊन बसायची, आन् हात वर करून त्या पंजावर आपला पंजा ठेवायची.

मग गळती शोधायला शकूरनं पाईप लावून होडीतच पाणी भरलं. शेजारची बदकं लगेच राहायला आली, पिल्लांसकट. होडी सगळीकडून कोरडी. फक्त अरबाजच्या ठिगळाच्या कडेनं टपटप.

"धूळ न पुसता लावलंय गं पोरानं," शकूर खाली बघून बोलला. "सुटलंय. घासून काढावं लागंल."

"वरून दुसरं लावा."

"सुटलेल्यावर धरत नाय, नूर."

"मग सडू द्या तुमची होडी!"

तिनं घासायचा ग्राइंडर उचलला आन् पिठाच्या डब्यामागं नेऊन ठेवला. शकूरनं मागितला नाय. दोघं एका ताटलीत जेवायची, पण मिठाचंसुद्धा विचारायची नाय.

बुधी अधूनमधून यायची. कधी चिंबोऱ्या, कधी करवंदं कुंपणावर ठेवून मुकाट निघून जायची. ती जिवंत दिसली की नूरबानो भांडी आदळायची, आन् मागून स्वतःचीच लाज वाटायची. त्या दिवशी करवंदं ठेवताना टपटप ऐकून बुधी थबकली.

"अजून गळते काय गं?"

"तुला काय करायचंय? तुला तर काढलं ना बाहेर!"

बुधीनं मान खाली घातली. "माझं नाय गं. सुनेला दिवस हायेत. श्रावणात मोकळी व्हायची. नदी भरलेली असंल तवा."

नूरबानोनं कुंपणावरची करवंदं ओढणीत घेतली आन् म्हणाली, "आत ये. चा पिऊन जा."

बुधी गेल्यावर तिनं पिठाच्या डब्यामागून ग्राइंडर काढला. गल्लीतली माणसं बोलावून, पाणी काढून होडी पालथी केली.

"दे, मी करतो," शकूर म्हणाला.

"नको. तुमी ग्राइंडरचा प्लग लावा."

ओढणी नाकाला बांधली आन् ती बसली. आधी पंजाची करंगळी गेली. मग तिच्या शेजारचं बोट, मधलं, अंगठ्याजवळचं. अंगठ्यापाशी ती थांबली. शकूर पाठ फिरवून भिंतीकडं उभा. मग अंगठाही गेला. पांढरी भुकटी केसांवर बसली, ती तिनं झटकली नाय.

नवं ठिगळ दोघांनी मिळून लावलं, हातमोजे घालून. रोलर फिरवला, पुन्हा फिरवला. बोटाएवढी खूण राहिली तर तिथूनच पाणी शिरतं.

वाळल्यावर होडी सुलटी करून पाणी भरलं. थेंब नाय.

"धरलं," शकूर म्हणाला.

"हां."

त्या सांजेला भांडी घासून झाल्यावर ती होडीखाली गेली नाय. कुठं बसावं ते न कळून उंबऱ्यातच उभी राहिली.

आता दातांची आण घेतलीय, तर एक कबूल करते. तो पंजा मी सांगितला तसा नव्हता. रेघा-बिघा सगळं माझ्या मनचं. मी स्वतः वाकून बघितलाय, नुसता दबलेला डाग होता, ओल्यावर मांजर बसून गेल्यासारखा. बोटं तिला एकटीलाच दिसायची. पण घासताना तिनं ती एकेक करून घासली, ते मात्र खरं.